अंगठ्याखालचा स्वार

बाई फोटो हातात घेतला की आधी स्वाराच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवायच्या. म्हणायच्या, "तोंड पाहून माया येते बाबू. आपल्याले बैठक पाहाची हाय."

शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या या बाई म्हणजे सौंदडजवळच्या आमच्या घोडेवाल्यांच्या परीक्षक. घोड्यावर मीही बसायचो, पण मुख्य म्हणजे मी फोटो काढणारा. लांब पल्ल्याच्या दौडीचा सराव असला की निघताना आणि शेवटच्या वळणावर मी सगळ्यांना टिपायचो आणि संध्याकाळी प्रिंट घेऊन बाईंच्या ओट्यावर हजर. मोठ्या दौडीला कोण जाणार, ते त्यावरून ठरायचं.

निघतानाचा फोटो त्या बाजूला सारायच्या. "हा लग्नातला. शेवटचा दाखव." तुम्हीच सांगा, सकाळी घोड्यावर कोण ताठ बसत नाही? दुपारी थकलेला स्वार पोत्यासारखा कलतो आणि तो भार घोड्याची पाठ सोसते. एका बड्या घरच्या जावयाला त्या म्हणाल्या, "काऊन जी, घोड्यावर झोपून राहिले का?" जावईबापू परत फिरकलेच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाही मोठ्या दौडीला जायचं होतं. चंद्री घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली, जीव की प्राण. पण गुडघा साथ देईना. शेवटच्या सरावानंतर मी त्यांचा फक्त निघतानाचा फोटो पुढे केला.

"हा लग्नातला. शेवटचा कुठं हाय?"

मी तो खिशातून काढून दिला. त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ पाहिलं.

"ही बाई उजवीकडं कलून राहिली. घोडीची पाठ दुखन हिच्यानं. हिले उतरवा." मग अंगठा उचलला. "अगं माय, ही तं मीच!" खळखळून हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

"तू कायले तोंड पाडून राहिला? चंद्रीवर आता तू बस."

बाई सध्या लेकीकडे रायपूरला असतात. यंदाची मोठी दौड मी चंद्रीवर पुरी केली आणि शेवटच्या वळणावर एका पोरानं काढलेला माझा फोटो त्यांना मोबाईलवर पाठवला. लगेच फोन आला.

"तुह्या तोंडावर अंगठा ठेवाले गेली, तं फोटोच सरकून गेला रे! तोंड पाहूनच सांगा लागते आता."

"मग? कशी आहे बैठक?"

"माया आली ना बाबू. लय चांगला बसला." आणि लगेच म्हणाल्या, "माह्यावर भरोसा नोको ठेवू. चंद्रीची पाठ दाबून पाह्य."

फोन कानाला धरूनच मी चंद्रीच्या पाठीवरून तळवा दाबत नेला. तिनं अंग चोरलं नाही, चाऱ्यातून तोंडही काढलं नाही.

"खाऊन राहिली, बाई," मी सांगितलं.