तळहातावरची हळद

आमचे मालक स्टेजच्या दिव्यांचं काम करतात. जागरण-गोंधळ, हळदीचे कार्यक्रम, शाळांचं गॅदरिंग; वाटूरपासून परतूरपर्यंत कुठंबी. लगीन झाल्यापासून वायरी ओढायला मी, रंग जुळवायला ते. रंगात मी तोंड घातलं की म्हणायचे, "तू गप बस, तुला काय कळतंय त्यातलं!" बरं बाबा, न्हाई कळत.

यंदा त्यांनी एकच टुमणं लावलं होतं. आपले एलईडी भंगार झाले, रंग मिसळतच न्हाईत, पिवळा नुसता मातकट येतो. मला तर चांगला दिसायचा. पण म्हटलं, कोण भांडत बसंल? मंग गेलो जालन्याला, नवे घ्यायला.

दुकानदारानं शटर ओढून अंधार केला न् पांढऱ्या भिंतीवर उजेड पाडला. ह्यांची पारखायची रीत निराळी. खिशातून हळदीची पुडी काढायची, चिमूटभर तळहातावर घ्यायची न् हात उजेडात धरायचा. आमच्याकडं स्टेजवर भंडारा उधळतात, तो सोन्यासारखा दिसला तर दिवा खरा.

पहिल्या दिव्यात एलईडीचे लाल, हिरवे, निळे दाणे सुटे सुटे होते. हळद हिरवट दिसली, हाताच्या तीन रंगी सावल्या पडल्या. तो मलाबी न्हाई आवडला. दुसऱ्यात पांढरा दाणा जादा होता. "मातकट," म्हणाले. तिसऱ्यात सगळे रंग एकाच भिंगाखाली, शिवाय मधासारखा अंबर पिवळा दाणा. अगं आई! हळद अशी उजळली की बघतच राहावं.

"हाबी मातकटच. काय माल ठेवता राव तुमी?"

मला बिलकुल राहवलं न्हाई. "अहो, डोळे फुटले का तुमचे? किती झ्याक दिसून राह्यलंय!"

 दुकानदारानं हळूच शटर वर केलं. बाहेर भर दुपारचं ऊन. हे तसाच हात घेऊन पायरीवर गेले. तळहात उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. माझ्या तोंडाकडं बघितलं, परत हाताकडं.  माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

त्यांची शुगर जुनी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढं सांगितलंच, आतला पडदा खराब झालाय, गेलेलं परत येत न्हाई. पण मला ते पायरीवरच कळलं होतं.

ह्यांनी रुमालाला हात पुसला न् आत आले.

"मंग काका, कोणता देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"हिला विचारा," म्हणाले, न् भिंतीकडं तोंड करून खुर्चीवर बसले.