चौथ्या भोकाची गळती

माझा धाकटा भाऊ नळदुरुस्तीची कामं करतो. नळातल्या रबरी चकतीवरून गल्लीत त्याला सगळे वायसर म्हणतात आणि वर त्याला ते आवडतंही. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून झालं, तरी उरलेल्या पाइपच्या तुकड्यांच्या शिट्ट्या करायचं त्याचं वेड काही सुटलं नाही. सहा भोकांच्या, बासरीसारख्या वाजणाऱ्या. म्हणजे त्याच्या मते वाजणाऱ्या.

मागच्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्याने माझा उजवा हात गेला. हळूहळू परत आला, पण बोटं सुस्तच राहिली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. वायसरने तो उचलून बघितला, नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन हजर. म्हणे सहाही भोकं दाबायची आणि फुंकायचं. सूर स्वच्छ आला की बोटं सुधारली समजायचं.

मी पस्तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. माझं मशीन सुनेने कोपऱ्यात सरकवून त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. तिचा हेतू वाईट नव्हता, मलाच कापड धरता येत नव्हतं. पण ते दिसू नये म्हणून मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचे. शेवटी मी ठरवलं आणि वायसरला सांगूनही टाकलं, की महिनाअखेरपर्यंत स्वच्छ सूर निघाला नाही, तर मशीन शिवणवर्गाला देऊन टाकायचं.

हे सांगितलं तिथेच चुकलं. तो हात धुऊन त्या शिट्टीच्या मागे लागला. पाइप घामाने निसटतो म्हणून पॉलिश पेपरने घासून खरबरीत केला, तर माझ्या अंगठ्याची सालपटं निघाली. मग नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली, ती सुटून लोंबायला लागली. मग अंगठा टेकवायला खालून बुचाचा तुकडा चिकटवला. तो बरा होता, पण मी ते त्याला सांगितलं नाही, नाहीतर आणखी पाच चिकटवले असते.

पकड जमली, सूर काही जमेना. वरची तीन भोकं ठीक, चौथ्यावर उजवी तर्जनी ठेवली की फस्स. त्याने भोकाच्या कडा घासल्या. भोकाभोवती सायकलच्या ट्यूबची चकती बसवली, ती सुटून माझ्या चहात पडली. मी वैतागून म्हणाले की बोटातच जोर नाही, भोकाला कशाला छळतोस? तर म्हणे गळती सापडेपर्यंत कुणाला दोष द्यायचा नाही. महिना संपायला दोन दिवस उरले होते. मी सुनेला शिवणवर्गात निरोप द्यायला सांगितलं आणि आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा वाटीत साबणाचा फेस घेऊन दारात. शिट्टीचं खालचं तोंड बुचाने बंद केलं, आवाज निघतो त्या खाचेवर टेप लावली, माझी बोटं भोकांवर ठेवली आणि बोटांभोवती सगळीकडे फेस फासला. लोकांच्या गॅसच्या नळ्या तपासतो तशी माझी तपासणी. सून पदर तोंडाला लावून हसत होती. फुंक म्हणाला. मी फुंकलं.

पाच बोटांखाली काही नाही. तर्जनीखाली मात्र बुडबुडे आले, पण चहूबाजूंनी नाही. एकाच जागेतून, एकामागोमाग एक. इतके दिवस त्याने भोक तपासलं होतं, बोट कधी बघितलं नव्हतं. आता ते पुसून त्याने खिडकीपाशी नेलं. टोकाला माझा जुना वण आहे, खोलगट चरासारखा.

"जोर आहे गं ताई बोटात," तो म्हणाला. "हवा या चरातून जातेय."

मग त्याने त्या वणावरून अंगठा फिरवला.

अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याने पहिली शिट्टी केली होती. मी नुकतीच मशीनवर शिवायला शिकत होते. त्याने मागून येऊन ती माझ्या कानाशी वाजवली, मी दचकले आणि सुई बोटातून आरपार गेली. आईला मी सांगितलं की माझंच लक्ष नव्हतं. पुढे आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

"तेव्हा आईला माझं नाव का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तिने शिट्टी मोडून टाकली असती," मी म्हणाले. "आठ दिवस खपून केली होतीस."

त्याने लगेच पिशवी उघडली. नवा पाइप काढला, चौथं भोक जरा खाली आणि लहान पाडलं, म्हणजे वणाच्या पलीकडचं मऊ बोट त्यावर बसेल. दुपारी मी फुंकलं आणि सूर आला, लांब आणि स्वच्छ. मी तीनदा फुंकून खात्री केली. मग पुन्हा रडले, पण या वेळी सगळ्यांसमोर.

सुनेने शिवणवर्गाला नाही म्हणून कळवलं आणि कुंड्या उतरवल्या. चौथ्या खेपेला दोरा ओवला गेला. मी सुईखाली एक चिंधी सरकवली आणि पाय चालवला. वायसर माझ्या मागेच उभा होता, शिट्टी हातात घेऊन, भलताच खूश. त्याने श्वास ओढल्याचा आवाज आला.

"ती खाली ठेव," मी मागे न बघता म्हणाले. "मी मशीनवर बसलेय."