कपाळावरची आठी

जालन्याच्या दवाखान्यात माझ्या बेशुद्ध वडलांच्या शेजारच्या खाटेवर अंबडकडचा एक शेतकरी तसाच पडून होता. त्याच्या बायकोचं नाव मी कधी विचारलं नाही. पदर खोचून ती दिवसभर स्टुलावर बसायची, मांडीवर वही घेऊन.

डॉक्टर म्हणायचे, यांना काही कळत नाही. दीर म्हणायचा, दादाला सगळं कळतं. ती दोघांनाही झाडायची, "तुमी न पाहताच बोलून राह्यले."

तिची स्वतःची रीत होती. त्यांची मोसंबीची बाग होती. बहर धरायच्या आधी मोसंबीचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. वेळेआधी पाणी सोडून ताण मोडला की बहर गेला. ती नवऱ्याच्या कानाशी कधी म्हणायची, "बाग ताणावर हाय," तर कधी त्याच सुरात, "बागेला पाणी सोडलं." आणि त्याच्या कपाळावर आठी येते का, ते पाहायची.

एकदा डॉक्टरांसमोरच आठी आली.

"आपोआप होतं असं," ते म्हणाले.

"मंग बाग ताणावर हाय म्हणलं की का न्हाई होत?" तिनं वही त्यांच्यापुढं धरली. "आठी न्हाई आली, तेबी लिहिलंय, साहेब. खोटी आशा मला नको. पण बिलकुल न्हाई म्हणायचं आसंल, तर तुमची वही दाखवा."

डॉक्टर पानं उलटत उभेच राहिले. ती माझ्याकडं वळली.

"भाऊ, तुमी वडलांना काय विचारून पाह्यलं?"

चार दिवस त्यांच्या उशाशी बसून मी नातेवाइकांना फोनवर एकच सांगत होतो, "त्यांना काही कळत नाही."