नाक असलेलं नोझल

"गप ऱ्हव रे, टाकी बोलता हा!" मालाडच्या आमच्या पंपावरचे काका पेट्रोल भरताना टाकीपाशी कान नेत आणि असे खेकसत. पेट्रोल वर चढलं की टाकीचा आवाज बारीक होत जातो. त्या आवाजावर काका बरोब्बर काठोकाठ भरत. आम्ही टॅक्सीवाले त्यांच्याकडेच रांग लावायचो.

पुढे काकांना ऐकू येईना. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत, पण कबूल करतील तर शपथ! एकदा पेट्रोल उतू गेलं, दुसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर उडालं. पंपाचे शेठ म्हणाले, "काका, आता बस झालं. गावी जाऊन आराम करा." काकांचं तोंड एवढंसं झालं. मला तर शेठचा असा राग आला ना!

त्याच आठवड्यात टाकी भरली की आपोआप बंद होणारं नोझल आलं. शेठ ते नव्या माणसाला देणार होते. काका अडून बसले, "एक गाडी भरूक देवा. थेंब सांडलो तर आजच गावाक जातंय."

गणपतीचा आदला दिवस. कोकणात निघालेल्या गाड्यांची ही रांग! मी टॅक्सी पुढे घातली. "काका, माझी भरा. फुल!"

काकांनी नोझलच्या टोकाजवळचं बारीक भोक मला दाखवलं. "ह्या हेचा नाक. हेतून हवा आत ओढता. पेट्रोल वर येऊन नाक बुडला की हवा बंद, आतलो पडदो खेचता आणि खटको पडता."

"पण तुम्हाला खटका ऐकू..." मी जीभ चावली.

काकांनी नोझल टाकीत घालून खटका अडकवला, मूठ तशीच ठेवून डोळे मिटले. शेठ कमरेवर हात ठेवून उभे. टाकी भरत आली, आवाज बारीक झाला. काका ढिम्म. मी ओरडणार, एवढ्यात खट्! त्याच क्षणी काकांनी डोळे उघडले, नोझल अलगद बाहेर काढलं. जमीन कोरडी ठणठणीत.

"ऐकूक कित्याक व्हया? हाताक कळता!"

शेठ हसले. "काका, रांग मोठी आहे. चला, पुढची गाडी घ्या."

त्यानंतर कितीतरी वर्षं काकांनीच तो पंप गाजवला. मग ते आपल्या मर्जीने गावी गेले, आणि आता तर तेही नाहीत. पण मला दिसतात ते त्या दिवसाचेच. रांगेतल्या आम्ही सगळ्यांनी खुशीत एकदम हॉर्न दाबले होते. काका गोंधळून आमच्या तोंडांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या थरथरत्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि लहान पोरासारखे हसले.

"वाजतत रे, वाजतत!"