विहिरीचं पाणी चाखताना

गिरीज गावात आमच्या केळीच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी रोज सकाळी मी चाखते. चहाच्या आधी, चूळ भरून. सासूने हे काम मला दिलं आणि ती गेल्यावर कोणी परत मागितलं नाही. उन्हाळ्यात खाडीचं पाणी जमिनीखालून विहिरीत सरकतं. गोडं वर राहतं, खारं तळाला. मोटर जास्त चालवली की तळाचं वर येतं. मी खारं म्हटलं की मोटर दोन दिवस बंद. गोडं म्हटलं की केळींना पाणी.

यंदा ईस्टरनंतर एका सकाळी मी गोडं म्हटलं. मुलाने दुपारपर्यंत मोटर चालवली. आठवड्यात केळीच्या पानांच्या कडा करपल्या.

"आय, तू गोडं बोललीस."

"गोडंच होतं."

सून भांडी घासता घासता म्हणाली, "आई चहात दोनदा साखर टाकतात, आणि तुम्ही त्यांना पाण्याचं विचारता."

खोटं नव्हतं. प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून जेवण मला पुठ्ठ्यासारखं लागतं. डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गोळीने चव जाऊ शकते, वयानेही जाऊ शकते, नाहीतर काहीच नसेल. असलं उत्तर मलाही देता आलं असतं. शेजारी म्हणाला, पाणी नाही, खत जास्त पडलंय. म्हणजे चूक माझी, गोळीची, की खताची, कोणालाच सांगता येईना. नातीने खारेपणा मोजायचं, पाण्यात बुडवायचं मीटर आणलं. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. मी चौथीपर्यंत शिकलेय, आकडा वाचता येतो. पण केळ कुठल्या आकड्याला मरते, ते नातीलाही माहीत नव्हतं.

अशात मुलाने निर्मळहून अर्ध्या वाडीला पुरतील इतके केळीचे मुनवे, लावायचे कोंब, आणले. कोवळ्या मुनव्याला खारं पाणी लागलं तर तो मुळातच कुजतो, आणि अर्धी वाडी वर्षभर रिकामी. तो तांब्या घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

मी घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला. दुसरा घेतला. तोही थुंकला.

"मला कळत नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग विचारू कोणाला?"

"तू पी."

तो प्यायला. "खारं वाटतंय."

सुनेने हात पुसून घोट घेतला. "मला तर गोडं लागलं."

शेवटी मीच म्हटलं, मोटर बंद ठेव, बादलीने वरवरचं पाणी ओढ, आणि हाताने पाणी घालता येईल तेवढेच मुनवे लाव. दोन ओळी लावल्या. बाकीचे मुनवे सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलेत. तसे ते आठ दिवस टिकतात. आज सहावा आहे. लावलेल्यांना नवं पान फुटलं, तरच बाकीचे लावायचे. अजून फुटलेलं नाही.