मेन बंद केल्याशिवाय

"साहेब, तुमी सांगितलं तसंच केलं बगा," परशराम म्हणाला आणि त्यानं मशीनच्या पॅनलवर चिकटवलेल्या कागदाकडं बोट दाखवलं. कागद माझाच. अक्षर माझं, खाली सहीही माझी. 'मेन स्विच बंद केल्याशिवाय पॅनलला हात लावू नये.'

स्क्रीनवर अलार्मची रांग लागली होती. मशीन जागचं हलत नव्हतं.

सीएनसी मशीनची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथची सर्व्हिस करण्यात माझा जन्म गेला. राहायला बेळगावला. जोयड्याच्या जंगलाकडं असं मशीन मी एकच बघितलं, ते परशरामच्या शेडमधलं. पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला आणि सेकंडहँड लेथ आणला, तेव्हा जंगलात हे काय खूळ म्हणून लोक हसले. आता बेळगावची एक कंपनी त्याला पंपाच्या बुशांचं, म्हणजे आत बसणाऱ्या धातूच्या नळकांड्यांचं, कायमचं काम द्यायला तयार झाली होती. शुक्रवारी त्यांचा माणूस सॅम्पल तपासायला येणार होता. ते जमलं नाही तर मशीन विकायचं आणि परत पुणं गाठायचं. बायको आणि म्हातारी आई इथंच. आणि आज बुधवार.

झालं होतं असं. या मशीनच्या कंट्रोलची, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची, मेमरी सेलवर जगते. मोठ्या टॉर्चमध्ये घालतात तसलेच सेल. मशीन बंद असलं की मेमरी सांभाळायची ती त्यांनीच. म्हणून सेल बदलायचे ते मशीन चालू ठेवून. परशरामनं स्क्रीनवर बॅटरीचा इशारा बघितला, माझा कागद वाचला, इमानदारीत मेन बंद केला, जुने सेल काढून खिशात घातले आणि बाजारात गेला. तिथं कुंभारवाड्याचा सोयरा भेटला. चहा झाला, बोलणं झालं. परत यायला तीन तास. तोवर पॅरामीटर उडाले.

पॅरामीटर म्हणजे काय? तेच कंट्रोल लहान लेथला बसवतात, मोठ्यालाही बसवतात. तू केवढा, तुझी मोटर कुठल्या बाजूला फिरते, किती वेगानं पळायचं, कुठं थांबायचं, हे सगळं त्यात आकड्यांनी भरलेलं असतं. ते गेलं की मशीनला आपण कोण हेच कळत नाही.

"छापील यादी कुठाय?"

"पॅनलच्या दाराच्या कप्प्यात हाय की."

कप्प्यातनं कागद काढले, तर वाळवीनं त्यांची चाळण केलेली. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"आणि बॅकअप?" मी विचारलं आणि जीभ चावली. मागच्या खेपेला मेमरी कार्ड माझ्या बॅगेतच होतं. पंधरा मिनिटांचं काम. पण गाडी चुकेल म्हणून "पुढच्या वेळी घेऊ" म्हणत मी निघालो होतो. परशरामला ते आठवत असणार. पण त्यानं पाण्याचा तांब्या तेवढा पुढं केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशीन खरं तर चालवतात लक्ष्मीवैनी, परशरामची बायको. तो माल आणायचं-पोचवायचं बघतो. आमचं बोलणं ऐकून वैनी घरात गेल्या आणि दोनशेपानी वही घेऊन आल्या.

"ह्याचा काय उपेग हुतोय का बगा."

वही उघडली, तर फुगडीची गाणी. मी पानं उलटत गेलो. मधून आकडे सुरू झाले. पॅरामीटरचा नंबर, त्याच्यापुढं आकडा, पानामागून पान.

"अहो वैनी, हे कधी केलंत?"

"जॉब चालू असताना नुसतं बसून काय करायचं? स्क्रीनवरचं पान पुढं सरकवायचं, उतरून घ्यायचं. त्यातलं समजत काय न्हाई मला."

"मग कशाला एवढा खटाटोप?"

वैनींनी बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंकडं बघितलं. "अव्वाला मायंदाळ गाणी येत हुती. इसराय लागली तवा मी वही घेतली, पर तवर निम्मी गेली. ह्यांनी मशीन बी म्हातारंच आणलंय. म्हटलं, हे बी इसरलं तर?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

नवे सेल घातले, मशीन चालू केलं आणि बसलो. वैनी वाचायच्या, मी भरायचो. "शून्य, शून्य, एक, शून्य." त्यांनी त्याला आपोआप चाल लावली. बाहेर अव्वा त्या चालीवर टाळ्या वाजवू लागल्या.

एका पानावर पेज सांडली होती. वैनींच्या अंगठ्याजवळचा पुसट आकडा बघून मी म्हटलं, "आठ."

"आठ न्हवं, तीन हाय ते. माझं आठ असं नसतंय." मागच्या पानावरचं आपलं आठ त्यांनी मला दाखवलं. टूलनं कुठं थांबायचं, तो आकडा होता. माझं ऐकलं असतं, तर टूल बुश पकडणाऱ्या फिरत्या चकवर आपटलं असतं.

"शाबास वैनी," मी म्हणालो.

"तुमी निस्तं भरा," वैनी म्हणाल्या.

अलार्म एकेक करून गेले. गुरुवारी मशीनचं झिरो, म्हणजे मोजमाप सुरू होण्याची जागा, नव्यानं सेट केलं, आणि वैनींनी सॅम्पल काढले. शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. एकेक बुश मायक्रोमीटरमध्ये धरून बघितला, शेवटचा दोनदा बघितला आणि मायक्रोमीटर डबीत ठेवत म्हणाला, "पुढचा माल कधी देताय?" परशराम मान फिरवून उगाच खोकत राहिला. बॅकअप मी आदल्या दिवशीच घेतला होता, दोन कार्डांवर. तेव्हापासून कुठल्याही शेडमध्ये गेलो की आधी बॅकअप, मग चहा. गाडी चुकली तर चुकली.

निघताना मी जुना कागद फाडला आणि नवा लावला. 'मेमरीचे सेल बदलताना मशीन चालू ठेवावे. बाकी कामाला मेन बंद.' खाली सही. मागं वळलो, तर वैनी वही उघडून तोही उतरून घेत होत्या.

"आता हे कशाला, वैनी? कागद लावलाय की."

"कागदाला वाळवी लागतीया," मान वर न करता त्या म्हणाल्या. "आनि तुमी बी आता रिटायर व्हनार. इसरलासा तर?"