एकाच पाण्यात सगळ्यांच्या बाटल्या

भाऊ गेल्याची तार आली तेव्हा मी बालाघाटच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. तार कोचीनची. दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचवेना… माझा थोरला भाऊ. पोहता येत नसताना ज्याने आयुष्य समुद्र मोजण्यात घालवलं, तो गेला.

आमच्याकडे लोकांना वाटे, हा जहाज चालवतो. सुट्टीत नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीने आला की माय ताट वाढताना म्हणायची, "काहून गा, इथं वैनगंगा काय कमी होती मोजाले?" तो हसे. "माय, तिकडं समुद्र एक अन् मोजनारे छप्पन!" हाच त्याचा जन्माचा ताप. एकोणीसशे साठनंतरची ती पहिली वर्षं. एक जहाज याच्या समुद्र-संशोधन संस्थेचं, एक विद्यापीठाचं, एक मासेमारी खात्याचं, शिवाय परदेशी पाहुणे. सगळे खोल पाण्यात बाटल्या सोडून तिथलं पाणी वर काढत, त्याचा खारटपणा मोजत, पण एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नसत. मग समुद्र बदलला की मोजणारा चुकला, कळायचं कसं? हे कळत नाही तोवर सगळ्यांची मेहनत मातीमोल, असं तो म्हणे.

उपाय त्याने काढला तो आपल्या गावाकडचा. वारासिवनीच्या बाजूला आमच्या मामांकडे धानाचे वाटे पडायच्या आधी सगळे भाऊ आपापली पायली, म्हणजे मापाचं भांडं, घेऊन एकाच ढिगाजवळ बसत. आधी पायल्या एकमेकींत ओतून पडताळायच्या, मग वाटणी. भाऊने तेच सुचवलं. सगळी जहाजं एका जागी आणा, एकाच पाण्यात बाटल्या सोडा. झालं, साहेबलोकांनी नाकं मुरडली! आपलं माप खोटं निघालं तर? वर्षानुवर्षं हा बाबा एकेकाच्या हातापाया पडत फिरला. शेवटी जमली एकदाची जहाजं. आणि माप कोणाचं चुकलं? याच्याच जहाजाचं! कित्येक सफरींचे आकडे संशयात आले.

त्या दिवाळीत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. अंगणात खाटेवर बसून म्हणाला, "सिंधू, साऱ्याइले बोलावलं म्या, अन् खोटा निघालो मीच. आकडे ताडून पाहाचं काम माह्याकडंच, म्हनून साहेब सोडून अजून कोनाले मालूम नाही. साहेब म्हन्ते, बोलू नको, गुपचूप दुरुस्त करून टाकू." बढती तोंडावर आलेली, घरात दोन लेकरं. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. म्हटलं, "मग बाकीच्याइले काहून गोळा केलतं गा? तमाशा पाह्याले?"

तो म्हणाला, "हौ. खरं हाय."

परत गेल्यावर सगळ्या जहाजांच्या लोकांसमोर भर सभेत त्याने सांगून टाकलं. बढती गेली ती गेलीच. मला त्या साहेबाचा आजही संताप येतो. पण पुढे दुसऱ्या जहाजांचे लोक आपणहून आपले चुकलेले आकडे घेऊन त्याच्या घरी येऊ लागले. वहिनी सांगते, कधीकधी चहाला कप पुरत नसत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी कोचीनच्या त्या घरात त्याच्या खोलीत बसले होते. भिंतीवर एक जुनं घड्याळ टिकटिकत होतं आणि त्याच्याखाली भाऊच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली होती, 'हे घड्याळ पुढे धावतं.' मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "दुरुस्तीले नेऊ म्हटलं का म्हनत, थे चुकते, पन सांगून चुकते. राहू दे."

तार आल्यापासून कोरडी होते मी. तिथे मात्र वहिनीच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडले.